एक ओळ, त्रेपन्न दिवस

तन्वीर मुजावर, गडहिंग्लज.
एवढंच ठाऊक होतं मला त्याच्याबद्दल,
आणि एवढं, की त्याला र कळतो.

जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणणारा
आमचा प्रोग्रॅम, फुकटचा, कुणाच्याच मालकीचा नसलेला,
दऱ्या दिल्या की दर्या करायचा.
एका ट्रेकिंग क्लबाच्या पंचवीस वर्षांच्या अंकांत
राजगडापासून खाली थेट समुद्र शिरला होता.
त्यानं एक ओळ बदलून पाठवली.
एकच. सोबत दोन चाचण्या जोडलेल्या.
आणि मी त्रेपन्न दिवस ती उघडली नाही.

कारणं होती.
हिंजवडीहून धायरीला पोचेस्तोवर नऊ,
वडगावच्या पुलाखाली क्लचवरचा पाय बधिर,
घरी कणीक, ओजसची प्रमेयं, सासऱ्यांची इन्सुलिन,
मग झाकण उघडलं की आकडा:
एकशे अठरा.
एकशे अठरा म्हटलं की एकही वाचवत नाही.
वाण्याकडची उधारी वाढली की माणूस गल्ली बदलतो,
मी टॅब बदलायचे.

चौपन्नाव्या दिवशी त्यानं लिहिलं:
मॅडम, राग नाही.
नको असेल तर नको म्हणा.
नुसतं कळलं तर बरं.

मी ते पार्किंगमध्ये वाचलं, हेल्मेट न काढता.
(त्या दिवशी गाडी गॅरेजला होती, नवऱ्याची स्कूटर.)
काच वर केली आणि लिहिलं,
पाहिलं. रविवारी वाचते.
तीन शब्द.
दूध उतू जायलाही याहून जास्त वेळ लागतो.

रविवारी वारज्याला, फ्रेडी साळवेच्या घरी, आम्ही चौघं.
आठ वर्षं एकत्र काम करतोय,
एकमेकांचे आवाज त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले.
रेवती धोंगडे फोनवर वाटते त्याहून बुटकी निघाली,
म्हणजे फोनवर नाही, अक्षरांत वाटते त्याहून.
तिनं वीजबिलाच्या पाठीवर लिहिलं:
लहान असेल ते आधी.
मोठं आलं तर तुकडे करून मागा.
स्वल्पविराम आणि मोकळ्या जागा यंत्र बघेल,
त्यावरून माणसाला छळू नका.
आणि किल्ल्या वाटा, तिनं माझ्याकडे बघून म्हटलं.

मी म्हटलं, कुणाच्याही हातात दिलं आणि चूक शिरली तर?
शिरलीच आहे की, ती म्हणाली. समुद्र.
फ्रेडी हसता हसता उपम्यात ठसकला.
मी नाही हसले. आठ वर्षं
मी स्वतःला दारावरची राखण समजत होते,
आणि मीच कडी होते.

संध्याकाळपर्यंत एकाहत्तर उरले.
दोन हजार ओळींचा एक डोंगर आम्ही परत पाठवला, माफी मागून.
एका मुलीची सुधारणा घेतली, उत्तम होती,
आभार मानायला गेलो तर तिचं खातंच बंद,
चार वर्षांपूर्वीचं पत्र, पत्ता पुसलेला.
तरी रेवतीनं आभार लिहिले. मग आम्ही चहा केला.

तन्वीरची ओळ वाचायला चार मिनिटं लागली.
चाचण्या धरून.
हिरवं बटण दाबलं आणि दऱ्या
जागच्या जागी खोल झाल्या.
खाली मी विचारलं:
इतरांचं काम तपासायला याल का?
र कळणारी माणसं कमी आहेत.

आज नववा दिवस.
परीक्षा असेल, नवी नोकरी असेल,
किंवा कंटाळला असेल, तो हक्क त्याचा.
वडगावच्या पुलाखाली सिग्नल लाल असला
की मी फोन बघते, हिरवा झाला तरी बघते,
मागचा टेम्पोवाला माझ्या सात पिढ्या काढतो.

काल रात्री त्याला लिहायला घेतलं,
राग नाही,
आणि खोडलं.
त्याऐवजी जिंतूरच्या कुणा वर्षा आळणेचे सहा बदल उघडले.
पाचवा चुकलाय.
तिला आत्ताच सांगते.